उरलेल्या मोहऱ्यांचं गणित

बुद्धिबळाचा पट रिकामा करा आणि त्यावर तीनच मोहरी ठेवा. पांढरा राजा डी६ घरात, पांढरं प्यादं ई६ घरात आणि काळा राजा ई८ घरात. उभ्या पट्ट्यांना पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून ए ते एच अशी अक्षरं आणि आडव्या ओळींना पांढऱ्याकडून १ ते ८ असे आकडे असतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. हा लेख पट समोर घेऊनच वाचावा. नुसता वाचला तर डोकं उठेल. आता सांगा, या डावात कोण जिंकेल?

उत्तर द्यायची घाई करू नका. आधी विचारायला हवं, की चाल कोणाची?

पांढऱ्याची चाल असेल तर तो प्यादं ई७ वर सरकवतो. काळ्या राजाला डी८ आणि एफ८ ही दोन्ही घरं बंद, कारण ई७ वरच्या प्याद्याचा मारा तिथे पडतो. डी७ वर पांढऱ्या राजाचा पहारा. उरलं फक्त एफ७. काळा तिथे गेला की पांढरा राजा डी७ वर येतो आणि पुढच्या चालीला प्याद्याचा वजीर होतो. डाव संपला. पण तीच तीन मोहरी, त्याच तीन घरांत, आणि चाल काळ्याची असेल तर? काळा राजा डी८ वर येतो. आता प्यादं ई७ वर गेलं की राजाला शह बसतो, राजा ई८ वर परततो, आणि प्यादं वाचवायचं तर पांढऱ्या राजाला ई६ वर यावं लागतं. तसं केलं की काळ्याला शह नाही, पण सरकायला एकही घर नाही. कोंडी झाली आणि डाव बरोबरीत सुटला. पांढऱ्याने दुसरं काही केलं तर प्यादं पुढे जात नाही किंवा हातचं जातं.

म्हणजे मोहरी तीच आणि घरंही तीच, फरक फक्त पाळीचा. खेळात ज्याला ‘एंडगेम’ म्हणतात, त्या शेवटच्या टप्प्याचं सगळं मर्म या तीन मोहऱ्यांत सापडतं.

गावाकडे पट मांडून बसलेल्यांत एक समज पक्का असतो: मोहरी कमी झाली की डाव सोपा झाला. पाचोऱ्यासारख्या ठिकाणी उन्हाळ्याच्या दुपारी ओट्यावर डाव रंगलेला असतो, भोवती चार जण सल्ले देत उभे असतात, आणि वजीर-हत्ती मारले गेले की त्यातलेच दोघे उठून जातात. “आता काय राह्यलं? घ्या बरोबरी.” त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, कारण तोवर डावातली मारामारी संपलेली असते. पण डावाच्या मध्यात एखादी चाल जराशी कमी पडली तरी पुढच्या पाच-दहा चालींत सावरता येते. तिथे तीस-चाळीस चाली शक्य असतात आणि त्यांतल्या चार-पाच तरी चालण्यासारख्या असतात. चारच मोहरी उरली की करता येण्याजोग्या चाली मोजक्या उरतात आणि डाव वाचवणारी किंवा जिंकून देणारी अनेकदा नेमकी एकच असते. बाकीच्या सगळ्या दिसायला तितक्याच साध्या, आणि सगळ्या चुकीच्या. अशा वेळी चूक सावरायला कुणी मोहरं शिल्लक नसतं.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण चार मोहऱ्यांचं आहे. पांढरा राजा बी६, पांढरं प्यादं सी६. काळा राजा ए१, काळा हत्ती डी५. चाल पांढऱ्याची. १८९५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जॉर्ज बार्बिए नावाचा एक बुद्धिबळपटू ‘ग्लासगो वीकली सिटिझन’ या साप्ताहिकात सदर लिहीत असे. या जातीची एक स्थिती त्याने छापली आणि काळा बरोबरी कशी साधतो ते दाखवलं. त्याच शहरात राहणारे फर्नांडो साव्हेड्रा नावाचे एक स्पॅनिश धर्मगुरू ती पाहून विचारात पडले. खेळाडू म्हणून त्यांचं फारसं नाव नव्हतं. पण त्यांना एक चाल सुचली आणि त्या एका चालीमुळे शंभराहून अधिक वर्षं त्यांचं नाव प्रत्येक बुद्धिबळाच्या पुस्तकात छापलं जात आहे. बार्बिएचं नाव मात्र साव्हेड्रांची गोष्ट सांगतानाच काय ते निघतं.

चला, सोडवू. पांढरा पहिल्यांदा प्यादं सी७ वर नेतो. आता ते वजीर होण्यापासून एक पाऊल दूर आहे. काळ्याचा हत्ती त्याला अडवायला थेट सी पट्टीत जाऊ शकत नाही, म्हणून तो डी६ वरून शह देतो. पांढऱ्या राजाने कुठे जावं? बी७ वर गेला तर हत्ती डी७ वर येतो. प्यादं आता राजा आणि हत्ती यांच्या मधोमध अडकलं, हलता येत नाही, आणि पुढच्या चालीला हत्ती ते घेऊनच टाकतो. राजाने हत्ती मारला तरी पटावर दोन राजेच उरतात. सी५ वर गेला तर हत्ती थेट तळाला डी१ वर उतरतो. पांढऱ्याने वजीर केला की हत्ती सी१ वरून शह देतो, राजा बाजूला होतो आणि मागे उभा असलेला वजीर फुकट जातो. म्हणून राजाला बी५ वरच जायला हवं. हत्ती डी५ वर शह देतो, राजा बी४ वर. हत्ती डी४ वर शह देतो, राजा बी३ वर. हत्ती डी३ वर शह देतो. असा राजा एकेक पायरी खाली उतरत येतो, आणि आता पहिल्यांदा सी पट्टीत पाऊल टाकतो: राजा सी२. इथे ते चालतं, कारण डी१ आणि सी१ या दोन्ही घरांवर आता त्याचाच पहारा आहे. हत्तीची जुनी युक्ती संपली.

बहुतेक जण इथे थांबतात आणि ‘जिंकला’ म्हणतात. काळ्याच्या पोतडीत मात्र अजून एक चाल शिल्लक आहे: हत्ती डी४. आता पांढऱ्याने प्याद्याचा वजीर केला की हत्ती सी४ वर येऊन शह देतो. वजिराने तो हत्ती मारावाच लागतो, नाहीतर वजीर जातो. आणि मारला की पाहा: काळा राजा ए१ च्या कोपऱ्यात, ए२ वर वजिराचा मारा, बी१ आणि बी२ वर पांढऱ्या राजाचा. शह नाही, चालही नाही. कोंडी आणि बरोबरी. बार्बिएने हेच दाखवलं होतं.

साव्हेड्रांना सुचलेली चाल अशी: प्यादं सी८ वर पोचल्यावर वजीर नको, हत्ती घ्यायचा. हत्ती तिरका मारत नाही, त्यामुळे ए२ मोकळं राहतं आणि कोंडीचा डाव फसतो. उलट आता पांढरा ए८ वरून मात करायची धमकी देतो. ती रोखायला काळ्याकडे एकच उपाय, हत्ती ए४. त्यावर पांढरा राजा बी३ वर येतो आणि एका चालीत दोन धमक्या देतो: ए४ वरचा हत्ती मारायची आणि सी१ वर हत्ती आणून मात करायची. दोन्ही थोपवणारी चाल काळ्याकडे नाही.

हे कोडं ऐकून माहीत असणं वेगळं आणि पटावर सुचणं वेगळं. सुचतं कसं, हा खरा प्रश्न. पुढे पुढे मोजत जाऊन नाही. ‘मी इथे गेलो तर तो तिथे, मग मी असं केलं तर’ या पद्धतीने पाच-सहा चालींनंतर डोक्यात नुसता गुंता उरतो. जाणकार उलटीकडून सुरुवात करतात. आधी शेवटचं चित्र ठरवायचं: मला काय हवं आहे, आणि समोरच्याला शेवटी काय हवं आहे? काळ्याला हवी आहे कोंडी. कोंडी होण्यासाठी काय लागतं? त्याच्या राजाची सगळी घरं बंद हवीत. त्यातलं ए२ कोण बंद करतं? माझाच वजीर. मग मला वजीर नको. असा विचार शेवटाकडून सुरुवातीकडे आला की सहावी चाल पहिल्या चालीआधी सापडते. मग मधल्या पायऱ्या भरायच्या तेवढ्या राहतात.

आपल्याकडे ही कला नवी नाही. १८१४ साली मुंबईत ‘एसेज ऑन चेस’ नावाचं एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. लेखक त्रेवंगडाचार्य शास्त्री. मूळ ग्रंथ संस्कृत, नाव ‘विलासमणिमंजरी’. हे पुस्तक खेळाचे नियम शिकवणारं नव्हतं. त्यात मुख्यतः पटावरच्या अवघड स्थिती होत्या आणि त्या सोडवायच्या होत्या. म्हणजे मुंबईत छापखाने अजून मोजकेच होते आणि मराठी वर्तमानपत्र निघायला अजून बराच अवकाश होता, त्या काळात इथे बुद्धिबळाच्या कोड्यांचं पुस्तक निघालं होतं. पुस्तकाच्या लांबलचक नावात आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे: ही कोडी ‘युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून’ दिलेली आहेत.

जुळवून घ्यावं लागलं, कारण देशी खेळाचे नियम निराळे होते. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाई. राजाला शह मिळण्याआधी एकदा घोड्याची उडी मारता येई. एकटा राजा उरला की ‘बुर्जी’ झाली म्हणत आणि डाव तिथेच थांबे. आणि शेवटच्या टप्प्याला सगळ्यात जास्त हात घालणारा नियम म्हणजे प्याद्याची बढती. अनेक ठिकाणी प्यादं ज्या पट्टीत शेवटच्या घरी पोचेल, त्या पट्टीचं मूळ मोहरं ते होई: घोड्याच्या पट्टीत घोडा, हत्तीच्या पट्टीत हत्ती. आता साव्हेड्रांचं कोडं या नियमाने खेळून पाहा. सी ही उंटाची पट्टी. तिथे पोचलेलं प्यादं उंटच होणार. वजीर नाही आणि हत्तीही नाही. राजा आणि उंट मिळून समोरच्या हत्तीवर मात करू शकत नाहीत, त्यामुळे साव्हेड्रांना ग्लासगोऐवजी खानदेशातल्या एखाद्या वाड्यात जुन्या देशी पद्धतीने हा डाव मिळाला असता तर त्यांच्या हाती काहीच लागलं नसतं. एंडगेमचं कोडं नियमांच्या बारकाव्यावर उभं असतं. नियमाची एक वीट सरकवली की अख्खं कोडं कोसळतं. बढतीचा आजचा मोकळा नियम मला या एका कारणासाठी जास्त आवडतो. वजीर मिळत असताना हत्ती मागून घेणं, हा आनंद जुन्या नियमांत नव्हता.

दुसरं कोडं आणखी लहान दिसतं आणि आणखी अशक्य वाटतं. १९२१ मध्ये रिचर्ड रेटी यांनी ते रचलं. त्यात दोन राजे आणि दोन प्यादी आहेत. पांढरा राजा एच८ मध्ये, पांढरं प्यादं सी६ मध्ये. काळा राजा ए६ मध्ये, काळं प्यादं एच५ मध्ये. चाल पांढऱ्याची आणि त्याला फक्त बरोबरी साधायची आहे.

पाहता क्षणी डाव हरलेला दिसतो. काळं प्यादं चार चालींत वजीर होणार आणि पांढरा राजा त्याच्या दोन चाली मागे आहे. इकडे पांढऱ्याचं एकुलतं एक प्यादं काळा राजा दोन चालींत खाऊन टाकू शकतो. पळणाऱ्याला धरता येत नाही आणि आपल्या प्याद्याला वाचवता येत नाही. यातलं एकही काम वेगळं घेतलं तर होण्यासारखं नाही. रेटींनी दाखवलं की दोन्ही एकदम घेतली तर होतं.

इथे पटाची एक चमत्कारिक गोष्ट समजून घ्यावी लागते. पाचोऱ्याहून जळगावला जायचं आणि कुणी आधी जामनेरला वळसा घातला, त्या जुन्या नॅरोगेज ‘पीजे’ रेल्वेने डुलत डुलत गेला, तर त्याला जास्त अंतर पडणार हे शाळकरी पोरालाही कळतं. भूमितीत त्रिकोणाच्या दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्याच असतात. पटावर राजासाठी हा नियम चालत नाही. एच७ वरून एच१ वर सरळ खाली यायला राजाला सहा चाली लागतात. तोच राजा जी६, एफ५, ई४ असा तिरका आत गेला आणि मग एफ३, जी२ करत एच१ वर आला, तरी सहाच. वळसा फुकटात पडतो. राजाला तिरकं पाऊल सरळ पावलाइतकंच महाग असतं, म्हणून.

आता सोडवा. राजा जी७, काळं प्यादं एच४. राजा एफ६. इथे काळ्याने थांबून विचार करायला हवा. प्यादं पुढे नेलं, एच३, तर पांढरा राजा ई७ वर जाऊन आपल्या प्याद्याच्या मदतीला पोचतो आणि दोघांचेही वजीर होतात. म्हणून काळा राजा बी६ वर येतो. पुढच्या चालीला तो पांढरं प्यादं मारणार. आणि आता पांढरा राजा ई५ वर! या एका घरातून दोन रस्ते फुटतात. काळ्याने प्यादं मारलं की राजा एफ४ वर, मग जी३ वर, आणि एच पट्टीतलं प्यादं त्याच्या हातात. काळ्याने प्यादं पळवलं, एच३, की राजा डी६ वर, काळ्याचं प्यादं एच२ वर, पांढऱ्याचं सी७ वर, आणि दोघेही वजीर करून मोकळे. काळा काहीही करो, बरोबरी ठरलेली.

कोडं सोडवणाऱ्याच्या दृष्टीने इथेही उलटा विचारच कामी येतो. ‘काळ्याचं प्यादं धरायला माझा राजा कोणत्या घरात हवा?’ आणि ‘माझ्या प्याद्याला आधार द्यायला तो कुठे हवा?’ हे दोन प्रश्न वेगवेगळे सोडवायचे, दोन्ही उत्तरांपासून एक-एक पाऊल मागे यायचं आणि कुठलं घर दोन्हींत सापडतं ते पाहायचं. ते ई५. एकदा ते घर दिसलं की एच८ पासून तिथवरचा रस्ता एकच आहे.

गंमत अशी की यंत्रांनीही हाच मार्ग धरला. संगणक पुढचं मोजण्यात माणसाच्या हजारो पट पुढे, तरी एंडगेम पुढे मोजून संपत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांनी शेवटापासून सुरुवात केली. समजा, पटावर फक्त चार मोहरी असू शकतात. मग त्यांच्या शक्य त्या सगळ्या मांडण्या लिहून काढायच्या. त्यांतल्या ज्यांत मात झालेली आहे, त्यांच्यावर खूण करायची. मग ज्या मांडणीतून एका चालीत तिथे पोचता येतं तिच्यावर ‘एका चालीत जिंकली’ अशी खूण. ज्या मांडणीत समोरच्याने काहीही केलं तरी तो अशा खुणेच्या मांडणीतच जाऊन पडतो, ती हरलेली. असं एकेक पाऊल मागे येत राहायचं. शेवटी खूण न झालेल्या उरतात त्या बरोबरीच्या. यात अंदाज नाही, मत नाही, शैली नाही. तिथे लिहिलेलं उत्तर म्हणजे शेवटचा शब्द.

‘युनिक्स’ ही संगणक प्रणाली घडवणाऱ्यांपैकी एक, अमेरिकेच्या बेल लॅब्जमधले केन थॉम्प्सन यांनी सत्तरच्या दशकात वजीर विरुद्ध हत्ती या चार मोहऱ्यांच्या डावाचा असा संपूर्ण तक्ता तयार केला. पुस्तकं सांगत होती की वजीरवाला जिंकतो आणि ते सोपं आहे. अमेरिकेचे अनेकदा विजेते ठरलेले ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन यांनी पैज घेतली: यंत्राने हत्ती घ्यावा, मी वजीर घेतो. पन्नास चालींत एकही मोहरं मारलं गेलं नाही आणि एकही प्यादं हललं नाही तर बरोबरी, हा नियम होताच. यंत्राचा हत्ती अशा घरांत जाऊन बसू लागला की जिथे कुठलाही माणूस त्याला ठेवणार नाही, राजापासून दूर, उघड्यावर. ब्राउन पन्नास चालींत जिंकू शकले नाहीत. त्यांनी अभ्यास केला, पुन्हा आव्हान दिलं आणि हत्ती मारला तो बरोबर पन्नासाव्या चालीला. तक्त्यानुसार अवघडातल्या अवघड मांडणीतूनही एकतीस चाली पुरतात.

पुढे १९८३ मध्ये थॉम्प्सन यांच्याच तक्त्याने आणखी मोठा धक्का दिला. दोन उंट विरुद्ध एक घोडा हा डाव शंभरावर वर्षं बरोबरीचा मानला जात होता. घोड्याने एका विशिष्ट कोपऱ्यात ठाण मांडलं की त्याला उठवता येत नाही असं पुस्तकांत छापलं होतं. यंत्राने दाखवलं की उठवता येतं, फक्त कधी कधी सहासष्ट चाली लागतात. आता सात मोहऱ्यांपर्यंतचे सगळे डाव सुटलेले आहेत. २०१२ मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या ‘लोमोनोसोव्ह’ महासंगणकावर झालेल्या कामाला सुमारे १४० टेराबाइट जागा लागली. नंतर ‘सिझिजी’ नावाच्या आटोपशीर पद्धतीत तो साठा बराच लहान झाला. त्यातल्या वेगवेगळ्या मांडण्यांची संख्या सुमारे ४२३ लाख कोटी आहे. काही मांडण्यांत मात करायला पाचशेहून अधिक चाली लागतात, आणि त्यांतल्या बऱ्याच चालींचा अर्थ जगज्जेत्यांनाही सांगता येत नाही. त्या चाली बरोबर आहेत एवढंच कळतं. मला यात थोडं वाईट वाटतं आणि थोडा दिलासाही. वाईट अशासाठी की साव्हेड्रांचा तो क्षण आता बटण दाबून मिळतो. दिलासा अशासाठी की तक्ता उत्तर देतो, कारण देत नाही. कारण शोधायचं काम अजून माणसाकडेच आहे.

आणि स्पर्धेत बसलेल्या खेळाडूकडे तक्ता नसतो, घड्याळ असतं. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथे महिला विश्वचषकाचा अंतिम सामना नागपूरची दिव्या देशमुख आणि आंध्रची कोनेरू हम्पी यांच्यात झाला. दिव्या तेव्हा १९ वर्षांची. हम्पी जलद बुद्धिबळाची दोन वेळची जगज्जेती. दीर्घ वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला टायब्रेक झाला: पंधरा मिनिटं आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद जादा. पहिला डाव पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. निकाल लागला तो मोजकी मोहरी उरल्यावर, दोघींची घड्याळं सेकंदांवर आलेली असताना. त्या टप्प्यात दोघींच्याही चाली चुकल्या. शेवटची मोठी चूक हम्पीची ठरली. दिव्या विश्वचषक जिंकणारी पहिली भारतीय महिला झाली आणि किताबासाठी एरवी लागणारा एकही नॉर्म हाताशी नसताना थेट देशाची ८८वी ग्रँडमास्टर. जिंकल्यानंतर लगेचच, आपल्याला एंडगेम अजून शिकायला हवेत, असं तिने हसत सांगितलं. विश्वचषक जिंकण्याच्या क्षणी एखाद्या खेळाडूला हे सुचावं, यावरून या टप्प्याचं वजन कळावं.

महाराष्ट्राला या खेळाची परंपरा आहे. १९७४ मध्ये झालेल्या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेची विजेती मुंबईची वासंती खाडिलकर होती. तिच्यासह तिन्ही खाडिलकर बहिणींनी ती स्पर्धा पहिली कित्येक वर्षं गाजवली. १९९७ मध्ये प्रवीण ठिपसे राज्याचे पहिले आणि देशाचे तिसरे ग्रँडमास्टर झाले. नाशिकच्या विदित गुजराथीने २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघातून खेळून दाखवलं. जळगावात जैन इरिगेशनच्या पुढाकाराने मोठ्या स्पर्धा भरतात, आणि पाचोरा, भडगाव, चाळीसगावकडची मुलं सकाळच्या गाडीने त्या खेळायला जातात.

या मुलांच्या पालकांना एक सांगावंसं वाटतं. आजकाल मुलगा पट ओळखायला लागला की त्याला लगेच ‘ओपनिंग’ पाठ करायला लावतात. फोनवर पंधरा-पंधरा चाली तोंडपाठ. समोरचा सातव्या चालीला वेगळं खेळला की ते पाठांतर वाया जातं. राजा आणि प्याद्याचा डाव मात्र कुणी वेगळा खेळला तरी बदलत नाही. १९२० साली चॅम्पियन असलेल्यालाही तो तसाच होता आणि आज पाचवीतल्या मुलालाही तसाच आहे. क्यूबाचे जगज्जेते कापाब्लांका शिकवण्याची सुरुवात शेवटापासून करावी या मताचे होते, आणि ते मत मला सोळा आणे पटतं. खर्चही नाही: एक पट, मोजकी मोहरी, अर्धा तास. मुलाला एका बाजूला बसवा, चाल एकदा त्याची ठेवा, एकदा तुमची ठेवा, आणि निकाल का बदलला ते त्यालाच सांगू द्या. घाईने हात पुढे गेला तर तो धरा. उत्तर फोनला विचारायचं नाही, एवढी एकच अट.

सुरुवात करायला एक मांडणी देतो. पांढरी प्यादी ए५, बी५ आणि सी५ वर. पांढरा राजा एच२ वर. काळी प्यादी ए७, बी७ आणि सी७ वर; काळा राजा एच४ वर. चाल पांढऱ्याची आणि त्याला जिंकायचं आहे. राजे लांब आहेत, त्यांचा विचार सोडून द्या. पांढऱ्याचं एखादं प्यादं आठव्या घरी पोचायचं तर त्याची वाट मोकळी हवी; ती मोकळी करायला काळ्याची कोणती प्यादी जागची हलायला हवीत, ते आधी ठरवा आणि तिथून मागे या. एक नाही, दोन प्यादी फुकट द्यावी लागतील. पहिलं कोणतं द्यायचं, ते रात्रीचं जेवण होईपर्यंत घरातल्या सगळ्यांनी मिळून शोधावं.